काळुरामचं लायसन

माझ्या भावाचं लायसन परत मिळालं त्या दिवशी घरात पेढे आले. आणले मीच. आता ते आठवलं की माझा मलाच राग येतो. तसा राग यायला मला फार काही लागत नाही, हे आख्ख्या ठाकुर्लीला माहीत आहे. तीस वर्षं बालवाडीत पोरं सांभाळली, म्हणून भाषा तेवढी शाळेची झाली, तोंड गावाचंच राहिलं. माझं नाव कलावती. मालक गेले तेव्हापासून माहेरीच आहे, भावाच्या घरात, खालच्या खोलीत.

भाऊ म्हणजे काळुराम. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, आता अठ्ठावन्न पूर्ण. आमचा बाप पावसाळ्यात भात लावायचा आणि उन्हाळ्यात खाडीवर मिठागरात राबायचा. पुढे मिठागर बंद पडलं, शेतांवर टॉवर उभे राहिले आणि लोक आम्हाला जमीनवाले म्हणायला लागले. काळूचं शाळेत कधी डोकं चाललं नाही. आठवीतच गवताच्या ट्रकवर क्लीनर म्हणून गेला, तो स्टेअरिंग शिकूनच परत आला. अठरा पूर्ण झाल्या झाल्या ठाण्याला जाऊन लायसन काढलं. तेव्हा ते छोटं पुस्तक असायचं. घरी आणून त्यानं ते देव्हाऱ्यात ठेवलं आणि वर हळदकुंकू वाहिलं. आई खूप बोलली, तरी पाच दिवस ते तिथेच होतं.

आधी टेम्पो घेतला, मग जमीन विकल्यावर पांढरी मोठी गाडी. गाडी त्याची, पण वापर सगळ्या गावाचा. कोणाची सून अडली, कोणाच्या म्हाताऱ्याला धाप लागली, की आधी काळूला फोन, मग डॉक्टरला. शेजारच्या रंगूबाईची नात तर त्याच्या टेम्पोतच जन्मली, ठाकुर्लीच्या फाटकात, मालगाडी जायची वाट बघता बघता. कोणाकडून कधी काही घेतलं नाही. दिवाळीला घराघरातून फराळाचं ताट यायचं, तेवढ्यात तो खूश असायचा.

आणि प्यायचा. तेही सांगायलाच हवं. रोजचा नव्हता, पण हळद असली, गटारी असली, कोणी जुना माणूस भेटला, की बसायचा. बायजा, त्याची बायको, कमी बोलणारी बाई. ती फक्त ताट झाकून ठेवायची. बोलायचं काम माझं होतं आणि ते मी मनापासून करायचे.

आमच्याकडे हळद म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. लग्नाला माणूस आला नाही तर चालतं, हळदीला आला नाही तर वर्षभर बोल लागतो. गेल्या वर्षी मे महिन्यात चुलतभावाच्या हर्षितची हळद होती. काळू पहाटेपर्यंत प्याला आणि नाचला. मग चार तास झोपला, आंघोळ केली, दोन कप चहा घेतला, कांदेपोहे खाल्ले आणि इस्त्रीचा शर्ट घालून गाडीशी उभा राहिला. म्हणाला, "बग ताई, कसा फ्रेश हाय." लग्न ठाण्याला हॉलमध्ये होतं. गाडीत पुढे बायजा, मागे मी आणि माझ्या मांडीवर समृद्धी, त्याची सहा वर्षांची नात. मला वास आला नाही असं नाही. पण हळदीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या गावालाच तो वास येत असतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही. मुहूर्त चुकेल म्हणून मीच त्याला घाई करत होते.

शिळफाट्याच्या पुढे त्यानं एका स्कूटीला उडवलं. संचिता नावाची नर्सिंग शिकणारी मुलगी होती. हात मोडला तिचा, जिवावर बेतलं नाही. पोलीस आले, मशीन तोंडाला लावलं. सकाळचे साडेनऊ वाजलेले. काळूला स्वतःलाच पटेना. "साहेब, कालची हाय ती, आजची नाय," असं तो म्हणत राहिला. साहेब म्हणाले, "मशीनला काल-आज कळत नाही." समृद्धी घाबरून माझ्या पदरात तोंड खुपसून रडत होती. मी आयुष्यात एवढी शरमले नव्हते.

कोर्टात दंड झाला आणि लायसन सहा महिन्यांसाठी निलंबित झालं. मेच्या एकोणीस तारखेपासून नोव्हेंबरच्या एकोणीसपर्यंत. मुलीच्या घरी तो दोनदा जाऊन आला. तिच्या आईनं दार उघडलं नाही, तर बाहेर पायरीवर फळं ठेवून आला.

निकाल लागला त्या संध्याकाळी मी त्याला घरात उभं केलं. सगळे समोर होते. त्याचा मुलगा कमलेश, सून कल्पिता, बायजा. मी म्हटलं, शपथ घे. एकवीरेची नको. देवीची शपथ त्यानं दारूसाठी दोनदा घेतलेली आणि दोन्ही वेळा गटारीला मोडलेली. मी त्याचा हात धरला आणि बायजाच्या डोक्यावर ठेवला. म्हटलं, "बोल, लायसन हातात येईपर्यंत स्टेअरिंगला हात लावणार नाही." दारूची शपथ मुद्दाम घातली नाही. ती तो मोडेल आणि बायजाला काही झालं तर काय घ्या, असा मी विचार केला. गाडीची पाळेल. केवढी हुशार मी.

बायजा हसली. "वन्सं, माझंच डोकं सापडलं का तुमाला?" म्हणाली. काळू हसला नाही. त्यानं शपथ घेतली आणि हात काढल्यावर तो हात बराच वेळ बघत बसला.

आणि पाळली. मी साक्षीला आहे. रविवारी गाडी धुवायचा, पण आत बसायचा तो बाजूच्या सीटवर. इंजिन सुरू करायला कमलेशला हाक मारायचा. जुलैत रंगूबाईला छातीत कळ आली तेव्हा तिचा मुलगा दारात आला, तर काळूनं किल्ली त्याच्या हातात दिली आणि स्वतः बाजूला बसून गेला. माणसं आमच्या घरावरून जाताना हळू बोलायला लागली, फोन यायचे बंद झाले. दिवाळीला फराळाची ताटं नेहमीच्या निम्मी आली. दारू त्यानं न सांगता सोडली. मला तरी तसंच दिसलं आणि मी ते गावभर सांगितलं.

आता नोव्हेंबरची आठ तारीख सांगते. अकरा दिवस उरलेले.

खडवलीच्या पुढे चार किलोमीटरवर आमचं दीड एकर शेत आहे. ठाकुर्लीची जमीन गेली तेव्हा काळूनं हट्टानं घेतलेलं. त्या दिवशी भाताची झोडणी होती. कमलेशनं सकाळी आम्हा तिघांना गाडीनं तिथे सोडलं आणि तो टमटमनं खडवली स्टेशन गाठून डोंबिवलीला कामावर गेला. संध्याकाळी येऊन आम्हाला परत नेणार होता. म्हणून गाडी तिथेच, आंब्याखाली, आणि किल्ली काळूच्या खिशात.

काळू मजुरांबरोबर खळ्यावर होता. आम्ही दोघी घरात चुलीवर भाकऱ्या करत होतो. अकराच्या सुमाराला बायजाच्या हातून भाकरी तव्याऐवजी जमिनीवर पडली. मी म्हटलं, "काय गो, लक्ष कुठंय?" तिनं माझ्याकडे पाहिलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं. उत्तर द्यायला गेली तर नुसता आवाज आला, शब्द आला नाही. मग ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली.

मी ओरडत खळ्याकडे धावले. काळू आला, तिला दोन्ही हातांवर उचलली, ओटीवर आणली. मी म्हटलं, "गाडी काढ." तो उभा राहिला. मी पुन्हा म्हटलं, "काळू, गाडी काढ." तो तिला घेऊन तसाच उभा. मग खाली बसला, तिला मांडीवर घेतली आणि म्हणाला, "ताई, हिच्याच डोक्यावं हात ठेवलाय मी. हिलाच काय झालं तर?"

"झालंय ते दिसत नाही का तुला?"

मी म्हटलं, शपथ मी घातली, मी मोडते. पाप माझ्या माथी. आई गेली तेव्हा रडले नव्हते एवढी रडले, त्याला दोन थोबाडीतसुद्धा मारल्या. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला. त्यानं खाल्ल्या, पण किल्ली काढली नाही. फक्त फोन माझ्या हातात दिला.

अँब्युलन्स शहापूरच्या पुढे दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, दोन तास तरी लागतील म्हणाले. कमलेश डोंबिवलीहून निघाला, पण तो यायला तेवढाच वेळ. मजुरांत कोणाला गाडी येत नव्हती. मला येत नाही. आजूबाजूची सगळी माणसं आपापल्या शेतात पांगलेली. मी पायात चप्पल न घालता रस्त्यावर जाऊन उभी राहिले. दोन मोटारसायकली गेल्या, एक ट्रॅक्टर गेला. पावणेएकला दुधाचा टेम्पो आला, त्यात रिकाम्या कॅनच्या मध्ये आम्ही तिला झोपवलं. कल्याणला पोचलो तर तिथे म्हणाले ठाण्याला न्या. ठाण्याचा रस्ता तुंबलेला. पोचेपर्यंत सव्वाचार.

डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. त्यानं समजावून सांगितलं की मेंदूत गुठळी झाली होती आणि ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. "किती वाजता सुरू झालं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, अकरा. त्यानं घड्याळ बघितलं. हिशोब मी बालवाडीच्या पोरांना शिकवायचे तेवढाच मला येतो, पण तो आला. पाऊण तास उशीर झालेला. घरची गाडी निघाली असती तर अडीचलाच पोचलो असतो.

बायजा वाचली. उजवा हात आणि उजवा पाय गेला, वाचा गेली. तीन आठवड्यांनी घरी आणताना डॉक्टर म्हणाले, पहिल्या सहा महिन्यांत जे परत येईल ते येईल. आठवड्यातून तीन दिवस ठाण्याला व्यायामाला आणायचं, चुकवायचं नाही. कमलेशला महिन्याला दोन रजा. रिक्षात तिला बसवून पाहिलं. पहिल्याच खड्ड्याला ती माझ्या अंगावरून घसरून खाली गेली, दोघांनी मिळून वर काढली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भाड्याच्या गाडीचे ड्रायव्हर तिला उचलायला तयार नसत. गावातल्या पोरांनी एक-दोन वेळा नेली, मग ज्याला त्याला कामं निघाली. म्हणजे काळूचं लायसन आलं तरच बायजा चालणार होती, बोलणार होती. नाहीतर खाटेवर.

मुदत संपली होती, पण लायसन आपण होऊन घरी येत नाही. आधी वर्ग करावा लागतो. कल्याणला एका हॉलमध्ये दोन दिवस बसवतात, अपघाताच्या फिल्मा दाखवतात, खुणांचे अर्थ विचारतात. चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस विशीतल्या पोरांच्या रांगेत मांडीवर वही घेऊन बसला. मी बरोबर गेलेले, बाहेर बाकावर बसलेले. दाराच्या फटीतून दिसत होतं. तो सगळं लिहून घेत होता, चुकलं की खोडून परत लिहीत होता.

मग आरटीओत साहेबांसमोर. त्यांनी कागद वाचले, चष्म्यावरून बघितलं. "पुन्हा प्यायलात तर?" काळू मान खाली घालून उभा. मला राहवलं नाही. मी पुढे होऊन सांगितलं, "साहेब, मोठी बहीण आहे मी त्याची. सहा महिने थेंब नाही. बायको डोळ्यांदेखत आडवी झाली तरी यानं गाडीला हात लावला नाही, एवढा कायदा पाळलाय यानं." साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग काळूकडे. "खरं का?" काळूनं मान हलवली. सही झाली. बाहेर आल्यावर मी पेढे घेतले.

डिसेंबरच्या मध्यापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार. काळू तिला उचलून पुढच्या सीटवर बसवायचा, पट्टा लावायचा, पाठीला उशी द्यायचा. गाडी अशी चालवायचा की मागे बसून मला डुलकी लागायची. एकदा कोणाला हॉर्न मारला नाही. आणि फरक पडायला लागला. जानेवारीच्या शेवटी बायजा दोन दांड्यांना धरून उभी राहिली. उजव्या पायाला घोट्यापाशी पट्ट्या असलेले बूट मिळाले, ते घालून चार पावलं टाकली. एक दिवस समृद्धी शाळेतून आली आणि बायजा "समू" म्हणाली. कल्पिता हातातलं काम टाकून रडली.

माझं मात्र आत काही बरं नव्हतं. मी रोज बायजाच्या केसांना तेल लावायचे आणि रोज तिला तेच सांगायचे, "बायजा, माझ्यामुळे झालं गो हे. मला शपथ घालायची बुद्धी झाली." ती मान जोरजोरात हलवायची, डावा हात आपटायची, घशातून आवाज काढायची. मला वाटायचं, माफ करत नाहीये. करू नये तिनं. मी तिच्या जागी असते तर मीही केलं नसतं.

गावात काळूचा मान वाढलेला. देवळात माणसं उदाहरण द्यायची, शब्दाला जागला म्हणून. दोघं-तिघं मूर्खही म्हणायची. तो कोणाला काही उत्तर देत नसे.

फेब्रुवारीतली गोष्ट. शुक्रवार होता. बायजाला आत व्यायामाला घेतलेलं, आम्ही दोघं हॉस्पिटलच्या खाली गाडीत बसलेलो. डबा उघडून मी त्याला चपाती दिली आणि मला एकाएकी भरून आलं. म्हटलं, "काळू, एकदा तरी मला शिव्या घाल रे. ती शपथ मी घातली नसती तर आज ती भाकऱ्या करत असती. तू काहीच बोलत नाहीस, त्यानं मला जास्त त्रास होतो."

तो चपाती हातात घेऊन बसला. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "ताई, शपथ नव्हती ती."

"म्हणजे?"

"खळ्यावं सकाली पूजा झालेली. मजुरांची रीत हाय, कोंबडा कापतात आनि मोहाची दारू वाहतात. मालकानं पहिला घोट घ्यायचा. नाय घेतला तर खळ्याला लागतं म्हनतात." त्यानं चपाती दुमडली. "एक घोट घेतला. मंग एक गिलास झाला."

मी डबा मांडीवर ठेवला.

"तू गाडी काढ म्हनलीस तवा मना त्या पोरीचा हात दिसला. स्कूटीवरचीचा. आनि मशीन दिसलं. म्हनलं, कोनी पकरलं तर संपलं, आता लायसन परत नाय भेटनार."

"मग मला का नाही सांगितलंस? त्या वेळी तोंड उघडून का नाही सांगितलंस, की प्यायलोय?"

"लाज वाटली."

"आणि नंतर?"

"नंतर सगली बोलायला लागली, शब्दाला जागला. तू साहेबांनासुदा सांगितलंस." त्यानं चपाती डब्यात परत ठेवली. "बायजाला माहीत हाय. मांडीवर होती ना. तिला वास आला असंल."

अडीच महिने मी त्या बाईच्या डोक्याला तेल लावत माझं पाप सांगत होते आणि ती मान हलवून मला नाही म्हणत होती. मी त्याला विचारलं, "तेव्हा तू कोणासाठी घाबरलास? तिच्यासाठी की लायसनसाठी?"

"मना नाय माहीत, ताई," म्हणाला.

मी गाडीतून उतरले. रस्त्यावर येऊन चालायला लागले, तलावापर्यंत गेले. ठरवलं की घरी जाऊन कमलेशला सगळं सांगायचं. तो बापाच्या हातून किल्ली काढून घेईल, बोलणं टाकेल, घराबाहेर काढेल. काढू दे. त्याला हेच पाहिजे. तलावाच्या कठड्यावर बसून मी हे सगळं ठरवलं आणि मग घड्याळात बघितलं तर बायजाचा व्यायाम संपायला दहा मिनिटं उरलेली. तिला गाडीत कोण उचलून ठेवणार? सोमवारी कोण आणणार? सहा महिन्यांतले तीन गेलेले, तीन बाकी.

परत गेले. काळू बायजाला चाकाच्या खुर्चीतून घेऊन खाली उभा होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "तोंड उघड." तो गोंधळला. मी म्हटलं, "आ कर. फुंकर मार माझ्यावर." हॉस्पिटलच्या दारात, माणसांच्या येण्याजाण्यात, माझ्या भावानं माझ्या तोंडावर फुंकर मारली. चहाचा वास होता. बायजा खुर्चीतून आमच्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "कळलं गो मला." तिनं डोळे मिटून घेतले आणि डाव्या हातानं माझं मनगट धरलं. घर येईपर्यंत सोडलं नाही.

कमलेशला मी सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही. माझं चुकत असेल. पण त्याला सांगितलं की गाडी थांबते आणि गाडी थांबली की बायजा थांबते. एवढं मला कळतं.

त्या दिवसापासून गाडीची किल्ली माझ्याकडे असते, माझ्या कमरेला. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी साडेआठला काळू खाली माझ्या दारात येतो. मी काही विचारत नाही, तो काही सांगत नाही. आ करून उभा राहतो. मी जवळ जाते, वास घेते, मग किल्ली देते. चौसष्ट वर्षांची बाई मी आणि हे माझं रोजचं काम झालंय. पहिल्या दिवशी तो रडला होता. नंतर सवय झाली. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, एप्रिल गेला. बायजा आता काठीनं मोरीपर्यंत जाते. "वन्सं" म्हणते, अर्धं म्हणते, पण मला पूर्ण ऐकू येतं.

पुन्हा मे आला. मंगळवारी गावात हळद होती. काळू जाणार नव्हता. संध्याकाळी चुलतभाऊ दोन माणसं घेऊन बोलवायला आला. म्हणाला, नुसता पाच मिनिटं येऊन उभा राहा, नवरदेवाला हळद लाव. मी जिन्यात उभी होते. अडवलं नाही. हळदीला नाही गेलं तर बोल लागतो, हे माझ्याही डोक्यात होतंच.

बुधवारी सकाळी मी बायजाला आंघोळ घातली, साडी नेसवली, बूट चढवले, पट्ट्या बांधल्या. तिला दाराशी खुर्चीत बसवलं. साडेआठ झाले. पावणेनऊ झाले. नवाला काळू जिना उतरून आला. आंघोळ केलेला, शर्टाला इस्त्री. माझ्या दारापासून चार हात लांब उभा राहिला. मी किल्ली काढून हातात घेतलेली. तो पुढे आला नाही, तोंड उघडलं नाही.

"आज नको, ताई," असं जमिनीकडे बघत म्हणाला आणि परत वर गेला.

बायजानं हे पाहिलं. ती रस्त्याकडे बघत तशीच बसून राहिली. कोणी दुसरी गाडी मिळते का म्हणून मी चार ठिकाणी फोन केले. सगळं गाव हळदीहून येऊन झोपलेलं. बारा वाजले तेव्हा मी तिच्यासमोर खाली बसले, तिच्या पायातल्या पट्ट्या सोडल्या आणि बूट काढून ठेवले.